सर्व्हिस आणि पार्ट्स, दोन्हीचा हेड हो म्हणतायत, घेऊ काय?

या महिन्यात कार डीलरकडं काम करणाऱ्यांचीच पत्रं जास्त आलीत, त्यातली तीन घेतोय. पहिल्या पत्राला उत्तर लांबलंय, कारण हा प्रश्न मला आजवर बऱ्याच पोरांनी तोंडी विचारलाय आणि मी स्वतः कोल्हापुरातल्या वर्कशॉपमध्येच ३१ वर्षं काढलीत, त्यामुळं थोडक्यात आवरणं मला जमलं नाही.

प्रश्न: काका, नमस्कार. मी उचगावचा, वय ३६. आयटीआय मोटर मेकॅनिक करून हायवेवरच्या एका डीलरकडं टेक्निशियन म्हणून लागलो, मग फ्लोअर इनचार्ज झालो, आता पाच वर्षं सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आहे, म्हणजे काउंटरवर गिऱ्हाइकाची तक्रार ऐकून गाडी कामाला घेणारा. आमचे सर्व्हिस मॅनेजर सोडून चाललेत. मालकांनी बोलावून सांगितलं की सर्व्हिस आणि पार्ट्स दोन्ही आता तूच बघ, दोन वेगळे मॅनेजर नकोत. घरी सगळे खुश आहेत पण मला रात्री झोप येईना झालीय. एक तर पार्ट्समधलं मला काही कळत नाही, तिथले इनचार्ज माझ्यापेक्षा १८ वर्षांनी मोठे, त्यांना मी मामा म्हणतो, त्यांचा साहेब मी कसा होणार? दुसरं म्हणजे कंपनीचा रिव्ह्यू इंग्लिशमध्ये असतो. आणि तिसरं, हातात पाना असला की मला कशाची भीती वाटत नाही, पण टेबलाला बसून करायचं काय? घेऊ काय नको?

उत्तर: घे. आणि तुझा तिसरा प्रश्न मी पहिल्यांदा घेतो, कारण खरी अडचण तिथंच आहे.

मी वर्क्स मॅनेजर झालो तेव्हा दिवाळीच्या आधीचा आठवडा होता, वर्कशॉप गच्च भरलेलं. एका डिझेल गाडीचा पुढून आवाज येत होता आणि कुणालाच तो सापडेना, म्हणून मी बाह्या वर केल्या आणि स्वतः लिफ्टखाली शिरलो. दोन तास लागले, व्हील बेअरिंग निघालं, मला लई बरं वाटलं. बाहेर येऊन बघतो तर रिसेप्शनपाशी नऊ जण उभे, सगळ्यांना पाच-साडेपाचची वेळ दिलेली आणि सात वाजून गेलेले, त्यात एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन गडहिंग्लजला जायला निघालेली. एकाची गाडी धुवून तयार होती पण बिल झालेलं नव्हतं, दुसऱ्याचं बिल झालेलं पण गाडीची रोड टेस्ट राहिलेली, आणि हे सगळं ज्यानं बघायचं तो मी लिफ्टखाली. वर आणखी एक नुकसान झालं, की जो पोरगा त्या बेवर (गाडी उभी करून काम करायच्या जागेवर) होता त्याला आवाज कसा पकडायचा ते शिकायची संधी होती, ती मी खाल्ली. त्या बाईचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून मी पाना हातात घेतला तो फक्त दाखवायला, करायला नाही. तुलाही हेच करावं लागणार आहे आणि पहिलं वर्षभर हात शिवशिवणार.

मग उभं कुठं राहायचं? पार्ट्सच्या खिडकीपाशी. ज्या खिडकीतनं टेक्निशियन पार्ट मागतो आणि आतला माणूस देतो किंवा नाही म्हणतो, तिथं. पहिला महिना रोज सकाळी साडेदहा ते साडेअकरा आणि दुपारी तीन ते चार तू तिथंच थांब, काही बोलू नको, नुसतं बघ. मालकांनी दोन्ही खाती एकाच माणसाकडं देण्यात जे शहाणपण आहे ते तुला तिथं उभं राहिल्यावर कळेल. बहुतेक डीलरकडं सर्व्हिस म्हणतं पार्ट्सवाले वेळेत देत नाहीत, पार्ट्स म्हणतं अ‍ॅडव्हायझर वेळेत सांगत नाहीत, आणि दोघंही थोडे थोडे खरे असतात, गाडी मात्र बेवर उघडी पडून राहते. गाडी सकाळी साडेनऊला आली, बेवर चढली अकराला, खोलल्यावर पार्ट मागितला साडेबाराला, तो नाही, मग पुण्याला ऑर्डर, तो येणार उद्या संध्याकाळी, आणि तोवर ती गाडी धड खाली काढता येत नाही म्हणजे त्या बेवरच्या आणखी दोन-तीन गाड्या गेल्या. बरं पार्ट कसला, तर कितीतरी वेळा ड्रेन प्लगचा वॉशर नाहीतर बंपरची क्लिप. दहा-वीस रुपयांची वस्तू.

यावर दोन कामं आहेत, दोन्ही साधी आहेत पण नेमानं करणारा मी फार कमी बघितलाय. एक, उद्याच्या अपॉइंटमेंटच्या गाड्यांचं सामान आज संध्याकाळीच काढून प्रत्येक गाडीच्या नंबराच्या ट्रेमध्ये ठेवायचं, ऑइल, फिल्टर, वॉशर आणि मागच्या जॉब कार्डवर (गाडीच्या कामाची नोंद असते त्या कागदावर) 'पुढच्या वेळी ब्रेक पॅड बघा' असं लिहिलेलं असेल तर पॅडपण. दुसरं, खिडकीत एक साधी वही टांगायची आणि जेव्हा जेव्हा आतनं 'नाही' असं उत्तर जाईल तेव्हा तारीख, पार्ट आणि गाडीचं मॉडेल त्यात लिहायचं. कॉम्प्युटर तुला काय विकलं गेलं तेच सांगतो, काय मागितलं आणि मिळालं नाही ते त्याच्या पोटात नसतं, म्हणून त्याच्या हिशोबानं ऑर्डर टाकत राहिलास की जे नाही ते कधीच येत नाही. ही वही महिनाभर भरली की पार्ट्समधलं निम्मं तुला आपोआप कळेल, वेगळा क्लास लावायला नको.

आणि आपल्या भागाचा स्टॉक हा आपल्या भागाचाच असतो, तो मुंबईच्या यादीवरनं भरता येत नाही. आपली गिऱ्हाइकं आंबा घाट, फोंडा घाट, गगनबावड्याचा करूळ घाट उतरून कोकणात जातात, त्यामुळं ब्रेक पॅड आणि क्लच इथं जास्त खाल्ले जातात. पावसाळ्याआधी वायपर ब्लेड आणि पावसाळ्यानंतर सस्पेन्शनचे बुश हे ठरलेलं. मग नोव्हेंबरच्या आसपास गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, मागं रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, रात्री मागनं गाडी घुसते आणि आपल्या बॉडीशॉपला बोनेट, रेडिएटर, हेडलॅम्पची कामं वाढतात. आणि शिरोळ, कागल, करवीरकडची मंडळी मोठं काम उसाचं बिल जमा झाल्यावर काढतात. हे सगळं तुला आधीपासून माहिती आहे कारण तू काउंटरवर पाच वर्षं हेच ऐकत आलायस, फक्त ते ऑर्डरशी जोडायचं राहिलंय.

उलट बाजूची चूकपण सांगतो, ती मी केलीय. एका मार्चअखेरीला टार्गेटसाठी आणि जादा डिस्काउंट मिळतोय म्हणून एका मॉडेलचे शॉकअप आणि बंपर ढिगानं उचलले, पुढं ते मॉडेलच बंद झालं आणि तो माल चार वर्षं रॅकवर पडून राहिला. मालकाचे पैसे तिथं अडकले ते माझ्या सहीनं. बारा महिने जो पार्ट हललेला नाही त्याची यादी दर महिन्याला काढ आणि ती स्वतः मालकांच्या हातात दे, लपवू नको, कारण लपवलेला डेड स्टॉक ऑडिटला निघतोच आणि तेव्हा तो तुझ्या नावावर निघतो.

आता मामा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुझ्या नेमणुकीची ऑर्डर निघायच्या आधी तू स्वतः त्यांच्या घरी जाऊन सांग, ऑफिसात नको. त्यांना बाहेरनं कळलं तर ते नातं परत सांधत नाही. मामाच म्हण, सगळ्यांसमोर म्हण, त्यांच्या खुर्चीत कधी बसू नको. आणि त्यांना म्हण की मला स्टॉक मोजायला शिकवा, मग रविवारी दोघं मिळून एकेक रॅक मोजा, कॉम्प्युटरवर सात दिसतायत आणि रॅकच्या खणात पाच आहेत असं निघालं की दोघंच असताना बोला. अशा माणसाला पार्ट नंबर तोंडपाठ असतात, कुठल्या साली कुठल्या गाडीत काय बदललं ते त्याच्या डोक्यात असतं, ते ज्ञान कुठल्याच सिस्टीममध्ये नाही. पण मोजणीच्या कागदावर त्यांची सही घ्यायचीच, त्यात मामा म्हणून सूट नाही. मान देणं आणि हिशोब घेणं या दोन्ही गोष्टी एकाच माणसाशी करता येतात, मी केल्यात, सुरवातीला जड जातं.

इंग्लिशचं म्हणशील तर रिव्ह्यूत बोलतात ते आकडे, आणि आकड्याला भाषा लागत नाही. चार-पाच पक्के कर. टेक्निशियनचे तास, म्हणजे समज दहा जण आठ तास आहेत तर ८० तास आपण विकत घेतले, त्यातले जॉब कार्डवर ५६ लागले तर ७० टक्के, बाकीचे २४ तास कुठं गेले ते तुला सांगता आलं पाहिजे (बहुतेक खिडकीपाशी गेलेले असतात). मग शंभर पार्ट मागितले त्यातले किती लगेच दिले, किती गाड्या त्याच तक्रारीसाठी परत आल्या, आणि वॉरंटीचे किती क्लेम अडकलेत. हे शेवटचं दर शनिवारी स्वतः बघ, जुना पार्ट टॅग लावून नीट ठेवला नाही किंवा क्लेम वेळेत टाकला नाही तर तो नाकारला जातो आणि केलेल्या कामाचा खर्च डीलरच्या अंगावर येतो. आणि सगळ्यात मोठा आकडा म्हणजे अ‍ॅब्सॉर्प्शन, सर्व्हिस, पार्ट्स आणि बॉडीशॉप यांचा मिळून जो नफा होतो त्यातनं अख्ख्या डीलरशिपचा खर्च किती भागतो ते. समज नफा ९ लाख आणि महिन्याचा सगळा खर्च १५ लाख, तर ६० टक्के. शंभरला पोचलास तर एखाद्या महिन्यात शोरूममधनं एकही गाडी गेली नाही तरी पगार निघतात. मालकांनी तुला का बोलावलं ते या आकड्यात आहे, त्यामुळं रिव्ह्यूत हे नीट सांगितलंस की बाकीचं वाक्य हिंदीत केलंस काय मराठीत केलंस, कुणी अडवत नाही.

हो म्हणायच्या आधी मात्र मालकांकडनं काही गोष्टी लिहून घे. गिऱ्हाईक नाराज झालं तर किती रुपयांपर्यंत सूट तू स्वतः देऊ शकतोस, माणूस घ्यायचा-काढायचा अधिकार कुणाचा, पार्ट्सच्या ऑर्डरवर शेवटची सही कुणाची आणि इन्सेंटिव्ह कशावर मोजणार. जबाबदारी दोन खात्यांची आणि दोन हजाराची सूट द्यायला मालकांना फोन लावायचा असं असेल तर सहा महिन्यात तू थकशील. पगाराचं तू काहीच लिहिलं नाहीस, तेही विचार, दोन मॅनेजरचं काम एकाला देतायत तर त्याचा हिशोब मागण्यात लाजायचं कारण नाही.

अजून एक गोष्ट, तुझं वर्कशॉप हायवेला आहे म्हणून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला होता, दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर होती. हायवे बंद म्हणजे पुण्याकडनं पार्ट बंद. म्हणून जूनअखेरपर्यंत फिल्टर, ऑइल, बॅटऱ्या, वायपर जादा भरून ठेव, कंट्रोल युनिट आणि सेन्सरसारखा महाग माल खालच्या रॅकवर ठेवू नको. पाणी ३९ फूट या इशारा पातळीला आलं की कामाला आलेल्या गाड्या उंचावर कुठं न्यायच्या, किल्ल्या कुणाकडं, हे आत्ताच कागदावर काढ, धोक्याची पातळी ४३ आहे, तोवर थांबलास तर ड्रायव्हरही मिळत नाहीत. आणि अ‍ॅडव्हायझरांना पाठ करून घे की बुडालेल्या गाडीचा फोन आला की पहिलं वाक्य एकच, स्टार्ट मारू नका, टोइंग पाठवतोय. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साफसफाईवर भागणारं काम इंजिन खोलण्यावर जातं, आणि त्यातनं इन्शुरन्सवाल्यांशी वेगळाच वाद सुरू होतो.

प्रश्न: मी जयसिंगपूरची, ऑटोमोबाइल डिप्लोमा झालाय, आठ वर्षं सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आहे. कस्टमर स्कोअर आमच्यात माझाच सगळ्यात चांगला असतो. वर्क्स मॅनेजरची जागा निघाली ती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी ज्युनियर मुलाला दिली. मला सांगितलं की रात्री उशिरापर्यंत थांबावं लागतं आणि टेक्निशियन लेडीजचं ऐकत नाहीत. आता काय करू?

उत्तर: ताई, तुमच्यावर अन्याय झालाय, हे आधी स्पष्ट सांगतो. दिलेली दोन्ही कारणं चुकीची आहेत.

वर्कशॉप रोज रात्री नऊपर्यंत चालत असेल तर तो नेमणुकीचा नाही, नियोजनाचा प्रश्न आहे, सकाळी दहा ते अकरात सगळ्या गाड्या आत घेतल्या की संध्याकाळी सगळ्याच एकदम बाहेर पडणार. आणि टेक्निशियन कुणाचं ऐकतात हे मी ३१ वर्षं बघितलंय. कामाचं वाटप सरळ असेल त्याचं ऐकतात. त्यांचा इन्सेंटिव्ह तासांवर असतो, एकाला रोज सोप्या पेड सर्व्हिस आणि दुसऱ्याला कायम डॅशबोर्ड काढायची कामं दिली की माणसं बिथरतात, मग सांगणारा बाप्या असो काय बाई. तुम्ही तीन महिन्यांचे तुमचे आकडे काढा, जॉब कार्ड किती, परत आलेल्या गाड्या किती, दिलेल्या वेळेत गेलेल्या किती, आणि मालकांना लेखी विचारा की पुढच्या जागेसाठी यात काय कमी पडतं. त्याच पत्रात मागा की फ्लोअर इनचार्ज सुटीवर असेल तेव्हा कामाचं वाटप मी करणार. उशीर झाला तर जयसिंगपूरपर्यंत सोडायची सोय हीसुद्धा मागायची गोष्ट आहे, उपकार नाहीत ते. सहा महिने वाट बघा, उत्तर आलं नाही तर सांगली आणि कोल्हापूर दोन्हीकडं डीलर आहेत, तुमच्यासारखा अ‍ॅडव्हायझर कुणालाही हवा असतो. मी असतो तर तुम्हाला कधीच सोडलं नसतं.

प्रश्न: बी.कॉम. आहे, कागलचा, सहा वर्षं पार्ट्स काउंटरला. पार्ट्समधला माणूस सर्व्हिसचा हेड होऊ शकतो काय? गाडी खोलता येत नाही मला. आणि अजूनही गिऱ्हाइकं जुनं बिल घेऊन येऊन भांडतात की तेव्हा टॅक्स वेगळा होता, त्यांना काय सांगू?

उत्तर: होतो. खोलता यायला पाहिजे असं नाही, पण काय खोलायला किती वेळ लागतो हे कळायला पाहिजे. शनिवारी दोन तास फ्लोअरवर घालव, एका टेक्निशियनच्या शेजारी उभा राहून जो पार्ट तू खिडकीतनं दिलास तो बसतो कसा ते बघ. मग वॉरंटीचं काम मागून घे, तिथं पार्ट्स आणि सर्व्हिस दोन्ही एका कागदावर येतात. वर उचगावच्या पोराला जी वही सांगितलीय ती तू उद्यापासूनच सुरू करू शकतोस, त्यासाठी हेड व्हायची गरज नाही.

टॅक्सचं असं आहे की २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्ट्सवर सरसकट १८ टक्के जीएसटी झाला, त्याआधी बऱ्याच पार्ट्सना २८ टक्के होता, लेबरला मात्र आधीपासूनच १८. दोन्ही बिलं शेजारी ठेव आणि पार्टची ओळ वेगळी, लेबरची ओळ वेगळी अशी बोटानं दाखव, पार्टची मूळ किंमत आणि टॅक्स वेगवेगळे वाचून दाखव. किंमत वाढली असेल तर वाढली म्हणून सांग, टॅक्समागं लपू नको.